दोन्ही बाजूंना एकत्र बसवायचंय? मग मतदानाआधी नको

तुझं पत्र लांब होतं, म्हणून प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तू साताऱ्याचा. अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात एमएसच्या दुसऱ्या वर्षाला आहेस आणि ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांच्या कौन्सिलवर आपल्या विभागाचा प्रतिनिधी म्हणून निवडून आलायस. महिन्याभरात कौन्सिलपुढे एक ठराव येणार आहे: इस्रायली लष्कराला माल पुरवणाऱ्या कंपन्यांमधली गुंतवणूक विद्यापीठाने काढून घ्यावी. तुझ्या लॅबमधला पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचा संशोधक, इस्रायली आहे, आणि ठराव मांडणाऱ्या पॅलेस्टिनी मुलीचे आजी-आजोबा आज इस्रायलमध्ये असलेल्या जाफाहून बाहेर पडलेले. दोघांशीही तुझी चांगली उठबस आहे. मतदानाआधी दोन्ही गटांना एकत्र बसवून संवादाचा कार्यक्रम घ्यावा का, घेतला तर कसा, आणि एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असताना यात पडावं का, असं तू विचारलंयस.

अमेरिकन विद्यापीठांत विद्यार्थ्यांचे तंटे सोडवणं, गटागटांत संवाद घडवणं आणि कधीमधी आंदोलक आणि प्रशासन यांच्यात मध्यस्थी करणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. वयाने बरीच मोठी आहे म्हणून 'तू' म्हणतेय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळच देते: संवाद जरूर घे, पण मतदानाआधी नको.

कॅम्पसवर या विषयावर तीन वेगवेगळी कामं चालतात. आंदोलन दबाव आणतं. वाटाघाटीत ज्याच्या हातात निर्णय आहे तो समोर बसतो आणि काहीतरी लिहून देतो. संवादात कुणी कुणाला काही देत नाही, मत बदलावं अशी अटही नसते; समोरचा असा का बोलतो हे त्याच्या तोंडून ऐकायचं असतं, एवढंच. ही तिन्ही कामं गरजेची आहेत. पण एकाच्या जागी दुसरं बसवलं की तिन्ही बिघडतात, आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर केलेला हल्ला आणि गाझातलं युद्ध यांनंतर अमेरिकेतल्या कॅम्पसांवर जे झालं त्यातलं बरंचसं याच सरमिसळीमुळे झालं, असं माझं मत आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला मधला भाग लोक विसरतात. १७ एप्रिल २०२४ ला इस्रायलशी संबंधित गुंतवणूक काढा म्हणत विद्यार्थ्यांनी हिरवळीवर तंबू ठोकले. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षा मिनूश शफीक यांनी न्यूयॉर्क पोलिसांना बोलावलं, शंभरहून जास्त अटका झाल्या, आणि त्या अटकांमुळेच देशभर तंबू उभे राहिले. त्यानंतर मात्र दहा-अकरा दिवस खरोखरीच्या वाटाघाटी चालल्या होत्या. प्रशासनाने गुंतवणुकीच्या प्रस्तावाची छाननी लवकर करू, थेट गुंतवणुकीची यादी बघायला मिळेल अशी सोय करू, गाझातल्या आरोग्य आणि शिक्षणासाठी पैसा देऊ असं पुढे केलं. गुंतवणूक काढायला मात्र नकार दिला. विद्यार्थ्यांना हे पुरेसं वाटलं नाही. २९ तारखेला बोलणी फिसकटली, त्या रात्री हॅमिल्टन हॉल या इमारतीचा ताबा घेतला गेला, ३० च्या रात्री पोलीस आत शिरले. हा तोच हॅमिल्टन हॉल, जो १९६८ मध्ये व्हिएतनामच्या वेळी विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतला होता आणि १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या गुंतवणुकीवरून ज्याची दारं अडवली होती. १९८५ च्या त्या आंदोलनानंतर कोलंबियाने खरंच गुंतवणूक काढली. २०२४ च्या मुलांना हा इतिहास पाठ होता, म्हणून त्यांना घाईघाईने दिलेली आश्वासनं कमी वाटली. प्रशासनातल्या लोकांनी तो इतिहास त्या मुलांइतका मनावर घेतला नव्हता, असं मला वाटतं.

आता त्याच आठवड्यातलं ब्राऊन विद्यापीठ बघ. ३० एप्रिलला तिथे करार झाला: तंबू काढायचे, बदल्यात विद्यापीठाचं सर्वोच्च मंडळ ऑक्टोबरमध्ये गुंतवणुकीच्या प्रश्नावर मतदान घेईल. ऑक्टोबर आला, मतदान झालं, प्रस्ताव फेटाळला गेला. मंडळाचा एक सदस्य तर असं मतदान घेणंच गैर म्हणून आधीच राजीनामा देऊन मोकळा झाला होता. बऱ्याच विद्यार्थ्यांचं म्हणणं पडलं की आमच्या तोंडाला पानं पुसली. मला ते तितकंसं पटत नाही. तारीख ठरली होती, कोण मत देणार हे ठरलं होतं, अर्ज मांडायला समिती होती, आणि कबूल केल्याप्रमाणे सगळं पार पडलं. वाटाघाटीत हरणं आणि फसवलं जाणं यात फरक आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये त्याच मे महिन्यात उलट निकाल लागला. तिथे कॉलेजने आधी विद्यार्थी संघटनेला २,१४,२८५ युरोंचा दंड ठोकला होता, कारण निदर्शनांमुळे पर्यटकांचं उत्पन्न बुडालं होतं. मग पाच दिवसांच्या तंबूंनंतर कॉलेज बोलणीला बसलं, आणि इस्रायलव्याप्त पॅलेस्टिनी प्रदेशात काम करणाऱ्या, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत असलेल्या इस्रायली कंपन्यांतून बाहेर पडायचं मान्य केलं. ब्राऊन काय किंवा ट्रिनिटी काय, दोन्हीकडे सही करू शकणारा माणूस टेबलाशी होता आणि टेबलावर ठोस कलम होतं. तिथे कुणी 'एकमेकांना समजून घेऊ या' म्हणून वर्तुळ करून बसलं नव्हतं.

याच्या उलट अमेरिकेतलं डार्टमथ कॉलेज. ७ ऑक्टोबरनंतर काही दिवसांतच तिथल्या ज्यू अभ्यास विभागाच्या सुझाना हेशेल आणि मध्यपूर्व अभ्यास विभागाचे तारेक अल्-अरिस यांनी एकत्र चर्चा घेतल्या. देशभर त्याचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. त्यांचे विभाग आधीपासून एकत्र शिकवत होते, आयत्या वेळी जमवलेली जोडी नव्हती ती. पण १ मे २०२४ च्या संध्याकाळी त्याच डार्टमथच्या हिरवळीवर तंबू पडले आणि काही तासांत पोलिसांनी नव्वदच्या आसपास लोकांना अटक केली. त्यात ज्यू अभ्यास विभागाच्या माजी प्रमुख, पासष्ट वर्षांच्या प्राध्यापिका अ‍ॅनेलीस ऑर्लेक होत्या. त्यांना जमिनीवर पाडतानाची चित्रफीत सगळीकडे फिरली. संवाद फोल होता असा याचा अर्थ मी लावत नाही. चांगला संवाद चालू असलेल्या ठिकाणीही मागणीचं उत्तर संवादातून मिळत नाही. 'आमच्याकडे संवादाची परंपरा आहे, तंबूंची गरज काय?' असं प्रशासन म्हणायला लागलं की विद्यार्थी संवादाकडेच संशयाने पाहतात, आणि पुढची काही वर्षं माझ्यासारख्यांच्या खोलीत कुणी फिरकत नाही.

तुझा ठराव म्हणजे वाटाघाटीचं काम आहे. त्याच्या आठवडाभर आधी तू संवाद ठेवलास तर येणारा प्रत्येक जण मतं मोजायला येईल. ठराव मांडणाऱ्या मुलीला वाटेल की हा ठराव मवाळ करायचा डाव आहे. तुझ्या पोस्टडॉकला वाटेल की मतदानाला 'आम्ही त्यांचंही ऐकलं' असा शिक्का मिळवायला आपल्याला बोलावलंय. दोघांचाही संशय रास्त असेल.

मग ठरावाचं काय करायचं? आधी तो नीट वाच. अशा ठरावांचे दोन भाग असतात: वर लांबलचक प्रस्तावना, त्यात 'ज्याअर्थी' ने सुरू होणारी कलमं, आणि खाली 'म्हणून ही सभा ठरवते की' असा प्रत्यक्ष निर्णय. भांडण जवळजवळ नेहमी प्रस्तावनेवर होतं आणि परिणाम सगळा खालच्या चार ओळींत असतो. प्रस्तावनेत ७ ऑक्टोबरचा, त्या दिवशी मारल्या गेलेल्या सुमारे १,२०० लोकांचा आणि ओलिसांचा उल्लेख आहे की नाही, यावर अर्धी सभा उठून जाते. 'वंशसंहार' शब्द आहे की नाही, यावर उरलेली अर्धी. माझा सल्ला असा की निष्कर्ष ज्याचा त्याच्या नावावर टाकावा. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या खटल्यात इस्रायलला अंतरिम आदेश दिले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये गाझात वंशसंहार होत असल्याचा निष्कर्ष काढला. इस्रायल तो साफ नाकारतो. ही तिन्ही वाक्यं खरी आहेत आणि तिन्ही एका कागदावर राहू शकतात. केमिकल इंजिनिअरिंगच्या प्रतिनिधीने स्वतः न्यायनिवाडा करायची गरज उरत नाही.

खालच्या भागात मात्र बारकाईने बघ. नेमकं काय मागितलंय? गुंतवणुकीची यादी जाहीर करा, ही एक मागणी. अमुक कंपन्यांतून बाहेर पडा, ही दुसरी. इस्रायली विद्यापीठांशी करार तोडा, ही तिसरी, आणि ती तुझ्या लॅबमधल्या पोस्टडॉकला थेट लागते. पहिल्या दोन लागत नाहीत. या तिन्ही एकाच मतदानात गुंडाळल्या असतील तर सभेच्या नियमांप्रमाणे ठराव विभागून कलमवार मतदान घ्यावं, अशी मागणी तू करू शकतोस. कौन्सिलमधल्या सदस्याच्या हातातलं हे सगळ्यात उपयोगी हत्यार आहे आणि ते फार कमी जण वापरतात. ज्यांना पारदर्शकता हवी पण शैक्षणिक बहिष्कार नको, अशा लोकांना त्यामुळे खोटं मत द्यावं लागत नाही. गुप्त मतदानाची तरतूद असेल तर तीही माग, विशेषतः परदेशी विद्यार्थ्यांसाठी.

शिवाय कौन्सिलचा ठराव विद्यापीठावर बंधनकारक नसतो हेही सगळ्यांनी आधी समजून घेतलेलं बरं. बहुतेक विद्यापीठांचा पैसा बाहेरच्या फंड-व्यवस्थापकांकडे असतो. कुठल्या फंडात कुठल्या कंपनीचे किती शेअर आहेत हे विश्वस्तांनाही चटकन सांगता येत नाही. त्यातून तू सरकारी विद्यापीठात. निम्म्याहून जास्त राज्यांत इस्रायलवरच्या बहिष्काराविरुद्ध कायदे आहेत. तुझ्या राज्यात काय आहे ते विद्यापीठाचा वकील पहिल्याच बैठकीत सांगेल. कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिस विद्यापीठाच्या विद्यार्थी संघटनेने फेब्रुवारी २०२४ मध्ये वेगळी वाट काढली: विद्यापीठाच्या पैशांबद्दल बोलण्याऐवजी स्वतःच्या सुमारे दोन कोटी डॉलरच्या बजेटमधून अमुक कंपन्यांना पैसे द्यायचे नाहीत असं ठरवलं. ते बरोबर की चूक यावर मतभेद असू शकतात, पण आपल्या हातात असलेल्या गोष्टीवर घेतलेला तो निर्णय होता.

आता संवादाकडे येते. मतदान उरकून महिनाभर जाऊ दे, मग सुरू कर.

पहिली अडचण निमंत्रणाची. तू साहजिकच संघटनांकडे जाशील आणि तिथेच घोडं पेंड खाईल. पॅलेस्टिनी बाजूच्या बऱ्याच संघटना अशा कार्यक्रमांना तत्त्व म्हणून जात नाहीत. त्यांचं म्हणणं असं की एका बाजूला राज्य, लष्कर आणि चौक्या आहेत, दुसऱ्या बाजूला त्या चौक्यांवर थांबणारे लोक. दोघांना समोरासमोर समान खुर्च्यांवर बसवलं की इस्रायलचा ताबाच नॉर्मल वाटायला लागतो. हा उद्धटपणा नाही, तो एक विचार करून घेतलेला पवित्रा आहे, आणि त्यात तथ्यही आहे. दुसरीकडे ज्यू विद्यार्थ्यांच्या हिलेल या संस्थेचे २०१० पासून भागीदारीचे नियम आहेत: इस्रायलवर बहिष्काराचा पुरस्कार करणाऱ्या गटांसोबत कार्यक्रम घ्यायचे नाहीत. २०१३ मध्ये स्वार्थमोर कॉलेजच्या हिलेल शाखेने हे नियम झुगारले आणि २०१५ मध्ये त्यांना हिलेल हे नावच सोडावं लागलं. म्हणजे दोन्हीकडच्या पदाधिकाऱ्यांचे हात वरून बांधलेले असतात. म्हणून संघटनांना बोलावूच नकोस. माणसांना बोलाव, त्यांच्या स्वतःच्या नावाने. पोस्टर नको, लोगो नको, फोटो तर अजिबात नको. अमेरिकेतल्या कॉलेजांना हस्तांदोलनाचे फोटो फार आवडतात. तुझ्या डीनच्या ऑफिसातून कुणी कॅमेरा घेऊन आलं तर दारातूनच परत पाठव.

दुसरी गोष्ट: पहिल्याच दिवशी दोन्ही गट एकत्र आणू नकोस. जेरुसलेम आणि तेल अवीव यांच्या मधल्या टेकडीवर नेवे शालोम–वाहत अल्-सलाम नावाचं गाव आहे, जिथे ज्यू आणि पॅलेस्टिनी कुटुंबं ठरवून एकत्र राहतात. तिथली 'शांतता शाळा' १९७९ पासून असे संवाद घेते. त्यांच्या पद्धतीत संयुक्त बैठकांच्या बरोबरीने प्रत्येक गटाची वेगळी बैठक असते, आणि संचालक दोन असतात, एक ज्यू आणि एक अरब. वेगळ्या बैठकीत घरातली भांडणं बाहेर येतात. ज्यू विद्यार्थ्यांमध्ये इस्रायलचा कडवा समर्थक असतो, आंदोलनाच्या तंबूत शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, साजरा करणारा असतो, आणि या दोघांच्या मध्ये गोंधळलेले बरेच असतात. पॅलेस्टिनी, इतर अरब आणि मुस्लीम विद्यार्थी हे तर एक नव्हेतच. आधी आपापसात हे मोकळं झालं नाही, तर एकत्र खोलीत प्रत्येक जण स्वतःच्या गटाला दाखवायला बोलतो.

मग पहिली एकत्र बैठक. मी त्यात चर्चा ठेवतच नाही. भिंतीवर कागदाचा लांब रोल चिकटवते, डावीकडे जुनं आणि उजवीकडे आजचं. सगळ्यांना एकाच रंगाची, काळी पेनं. वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही; आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या तारखा जाऊन लिहायच्या. १९१७, म्हणजे ब्रिटिशांचा बाल्फोर जाहीरनामा, बहुधा आधी येतं. १९४८, इस्रायलची स्थापना आणि पॅलेस्टिनींचं विस्थापन, दोनदा, तीनदा, वेगवेगळ्या शब्दांत. १९६७ चं युद्ध. १९७२ म्युनिक, ऑलिंपिकमध्ये मारले गेलेले इस्रायली खेळाडू. १९८२ साब्रा आणि शातिला, बैरुतमधलं पॅलेस्टिनी निर्वासितांचं हत्याकांड. ७ ऑक्टोबर कुणीतरी लिहितं, मग दुसरं कुणी त्याच्या उजवीकडे गाझात मेलेल्या आपल्या नातेवाइकांची तारीख लिहितं. एक जागा मात्र मी नेहमी बघून ठेवते. कुणीतरी '१९२९ हेब्रॉन' लिहितं, जिथे सदुसष्ट ज्यू मारले गेले. आणि बऱ्याच अंतरावर कुणीतरी '१९९४ हेब्रॉन' लिहितं, जिथे इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या एकोणतीस पॅलेस्टिनींना जवळच्या ज्यू वसाहतीत राहणाऱ्या एकाने गोळ्या घातल्या. शहर एकच. बहुतेक वेळा एक तारीख लिहिणाऱ्याला दुसरी माहीतच नसते. वीस मिनिटांनंतर फक्त एक प्रश्न विचारायची मुभा असते: ही तारीख तुला कुणी, कधी सांगितली? उत्तरात आजी येते, शाळेतलं पुस्तक येतं, छावणीतला शिक्षक येतो, लष्करी सेवेतला मित्र येतो. 'पण तेव्हा तुम्हीच तर...' असं कुणी सुरू केलं की मी थांबवते. पहिल्या दिवशी एवढंच. लोक वैतागतात, मुद्द्यावर कधी येणार विचारतात. यांच्यापैकी बरेचसे दुसऱ्या बैठकीला येतात, हे महत्त्वाचं.

कोण बोलणार आणि कोण ऐकणार, यावरही बरंच अवलंबून आहे. 'दोघांनीही एकमेकांच्या जागी स्वतःला ठेवून बघा' हा आपल्या सगळ्यांचा आवडता सल्ला. एमआयटीतल्या एमिल ब्रुनो आणि रिबेका सॅक्स यांनी २०१२ मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. इस्रायली आणि पॅलेस्टिनी लोकांना व्हिडिओवर जोडलं. एकाने आपल्या अडचणी सांगायच्या, दुसऱ्याने त्या आपल्या शब्दांत परत सांगायच्या. पॅलेस्टिनींच्या मनातलं इस्रायलींबद्दलचं मत सुधारलं ते स्वतः बोलल्यावर आणि समोरच्याने ते ऐकलं असं दिसल्यावर. इस्रायलींचं सुधारलं ते समोरच्याचं ऐकून परत सांगितल्यावर. ज्याचं म्हणणं सहसा कुणी ऐकत नाही त्याला 'समोरच्याला समजून घे' सांगून काही साधत नाही, त्याला आधी ऐकलं जावं लागतं. आता अडचण अशी की अमेरिकन कॅम्पसवर आपलं कुणी ऐकत नाही असं दोन्ही गटांना वाटतं, आणि दोघांकडे त्याला पुरावे आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनला तीन पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांवर रस्त्यात गोळीबार झाला, त्यातल्या एकाला कायमचं अपंगत्व आलं. त्याच्या थोडं आधी कॉर्नेल विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या हॉलवर गोळीबाराच्या धमक्या आल्या, आणि धमक्या देणारा तिथलाच विद्यार्थी निघाला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात २०२४ मध्ये तंबूंवर रात्री जमावाने हल्ला केला आणि पोलीस तासन्‌तास हलले नाहीत. त्याच यूसीएलएला पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने बजावलं की ज्यू विद्यार्थ्यांना कॅम्पसच्या कुठल्या भागात जाण्यापासून अडवलं जातंय अशी स्थिती चालवून घेऊ नका. म्हणून दोघांनाही सांगायची आणि ऐकायची पाळी मिळेल असं बघ, पण त्याच बैठकीत अदलाबदल करू नकोस. पूर्ण एक बैठक एका बाजूची, पुढची दुसऱ्या बाजूची.

आंदोलन आणि संवाद एकाच कॅम्पसवर नांदू शकतात याचा माझ्या डोळ्यापुढचा दाखला यूसी अर्व्हाइनचा. तिथे २०१० मध्ये इस्रायली राजदूत मायकेल ओरेन यांचं भाषण मुस्लीम विद्यार्थ्यांनी एकामागून एक उभं राहून अडवलं. अकरा जणांना अटक झाली आणि पुढच्या वर्षी दहा जण दोषी ठरले. भाषण अडवल्याबद्दल विद्यार्थ्यांवर फौजदारी खटला भरणं मला तेव्हाही अतिरेकी वाटलं होतं. त्याच अर्व्हाइनमध्ये २००७ पासून 'ऑलिव्ह ट्री इनिशिएटिव्ह' नावाचा विद्यार्थ्यांनीच सुरू केलेला उपक्रम चालू होता: ज्यू, मुस्लीम, ख्रिश्चन, कुणीही नसलेले असे एकत्र अभ्यास करायचे, मग इस्रायल आणि वेस्ट बँकेत जाऊन वसाहतवाले, निर्वासित, अधिकारी, कार्यकर्ते अशा सगळ्यांना भेटायचे. कोणाला भेटलात यावरून या उपक्रमावरही बाहेरून टीका झाली. तरी तो टिकला, आणि त्याला माझ्या मते कारण एकच: कुणी त्याचा वापर मागण्या थोपवायला केला नाही.

थोडं आपल्या लोकांबद्दल. भारतीय विद्यार्थी अशा खोलीत आला की तटस्थ आहे असं स्वतःला समजतो, आणि पाच मिनिटांत आपल्या घरचा वाद तिथे मांडून बसतो. एकाला इस्रायल म्हणजे दहशतवादाशी कसं लढावं याचा धडा वाटतो, दुसऱ्याला गाझा म्हणजे काश्मीर. दोघांचंही निम्मं लक्ष नागपूर-दिल्लीकडे असतं. आपल्याकडे हा विषय त्या वादातच ओढला जातो, हेही खरं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबईत पॅलेस्टाइनवरच्या एका कार्यक्रमावरून विद्यार्थ्यांनी प्राध्यापिकेविरुद्ध तक्रार केली, निदर्शनं झाली. जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर गाझासाठी निदर्शनं करू द्या म्हणून माकप मुंबई उच्च न्यायालयात गेला तेव्हा आधी आपल्या देशातले प्रश्न बघा, अशा अर्थाचे शेरे मिळाले. पण तुझ्या खोलीतल्या पॅलेस्टिनी मुलीला यातलं काही नकोय. तिला तिच्या जाफाबद्दल बोलायचंय.

मराठी मुलांचं आणखी एक आवडतं वाक्य असतं: 'आमच्या कोकणात दोन हजार वर्षं ज्यू राहिले, कधी त्रास झाला नाही.' दोन हजारांचा आकडा परंपरेतला, पण बाकी खरं आहे. अलिबाग-रेवदंडा पट्ट्यातले बेने इस्रायली, गावकऱ्यांचे शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली), मराठी बोलत राहिले आणि इस्रायलला गेल्यावरही मराठी मासिक काढत राहिले. मात्र ते वाक्य तू तिथे टाकलंस की ते कुणाच्या तरी बाजूने मारलेला गुण ठरतं. सांगायचंच असेल तर पूर्ण सांग. साठच्या दशकात इस्रायलमधल्या ज्यू धर्मपीठाने बेने इस्रायलींच्या लग्नांवर शंका घेतली तेव्हा याच लोकांनी जेरुसलेमला धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेला ते पूर्ण ज्यू असल्याचं सांगावं लागलं. त्यांच्यातले बरेच जण ज्या गावांत वसले त्यात लोद आहे. जुलै १९४८ मध्ये तिथल्या बहुतेक पॅलेस्टिनी रहिवाशांना शहराबाहेर घालवण्यात आलं होतं. लोद हे नाव कोकणातून गेलेल्या कुटुंबाच्याही कागदावर येईल आणि निर्वासित छावणीतल्या कुटुंबाच्याही. एवढं सगळं सांगायला वेळ नसेल तर गप्प बसून ऐक. सूत्रसंचालकाने कमी बोललेलं कुणाला खटकत नाही.

राहिला व्हिसा. इथे मी तुला धीर देणार नाही, कारण खोटा धीर महागात पडतो. मार्च २०२५ मध्ये कोलंबियाच्या एका भारतीय पीएचडी विद्यार्थिनीचा व्हिसा रद्द झाला आणि ती कॅनडाला निघून गेली. जॉर्जटाऊनमधल्या एका भारतीय संशोधकाला घराबाहेरून उचललं, जवळपास दोन महिने डांबलं, मग न्यायालयाने सोडलं. टफ्ट्समधल्या तुर्की विद्यार्थिनीने वर्षभर आधी कॉलेजच्या पेपरात इतरांसोबत एक लेख लिहिला होता. तिला लुइझियानाच्या कोठडीत सहा आठवडे काढावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये बॉस्टनच्या फेडरल न्यायाधीशाने पॅलेस्टाइनच्या बाजूने बोलणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना पकडून घालवून देण्याचं सरकारचं हे धोरण अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारं ठरवलं, पण अशा निकालांवर अपिलं होतात आणि कोठडीतले आठवडे कुणी परत देत नाही. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवावी लागतात, म्हणजे पुढच्या वेळी शिक्का मारायला मुंबईच्या वकिलातीत जाशील तेव्हा तुझं सगळं समोर असेल.

याचा अर्थ कौन्सिल सोड असा नाही. प्रतिनिधी म्हणून मत देणं, सभेत बोलणं आणि संवादाची खोली चालवणं यात धोका कमी आहे. तंबूत रात्र काढणं, इमारतीत शिरणं, अटक होईल अशा ठिकाणी थांबणं तुझ्या अमेरिकन मित्राला महिन्याभराच्या मनस्तापावर निभावेल, तुला पदवीवर पडेल. तुझे अमेरिकन मित्र हे विसरून तुला पुढे ढकलतील. त्यांच्या मनात काही वाईट नसतं, त्यांना माहीतच नसतं. मतदानाआधी दोन कामं कर. कॅम्पसवर विद्यार्थ्यांसाठी मोफत इमिग्रेशन वकील आहे का बघ, असला तर ठरावाचा मसुदा आणि सभेचं इतिवृत्त नावासकट जाहीर होतं की नाही हे घेऊन त्याच्याकडे जा. परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसातले लोक भले असतात, पण ते विद्यापीठाचे नोकर आहेत, तुझे वकील नव्हेत. दुसरं, घरी सांग. साताऱ्यात आई-बाबांना बातम्यांतून कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेलं बरं.

मसुद्याचा खालचा भाग, 'ठरवते की' च्या पुढचा, मिळाला की मला पाठव. कलमवार मतदान कसं मागायचं ते तुमच्या कौन्सिलचे नियम बघून सांगते.